रमण्याच्या शिवेवरचा गाडा

परंड्यापासून दोन कोसांवर सरकारी रमणा होता. शिकारीसाठी राखलेल्या त्या माळावर काळविटांचा मोठा कळप होता आणि त्याच्या प्रकृतीवर लक्ष ठेवायला माझी नेमणूक झाली होती. मी जनावरांच्या डॉक्टरकीची पदवी घेऊन आलो त्याच वर्षी आसपासच्या गावांत बुळकांड्या रोग शिरला. गुरांचे डोळे वाहत, तोंडात फोड येत, मग हगवणीनं जनावर आडवं होई. हा रोग हरणांनाही होतो. रमण्याची देखरेख करणाऱ्या दारोगांनी मला बजावलं होतं, की एक जरी काळवीट रोगी निघालं तर सगळा कळप गोळ्या घालून संपवायचा.

या रोगाचा विषाणू सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही, म्हणून लक्षणंच पाहायची. काळवीट नर ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो. सकाळी मी ते ढीग काठीनं उकरायचो. लेंड्या कोरड्या, सुट्या असल्या की जिवात जीव यायचा. मग तळ्याकाठी बाभळीआड बसून पाण्यावर आलेल्या हरणांचे डोळे न् नाकपुड्या दुर्बिणीतून न्याहाळायचो. गावानं माझं नाव लेंड्या डाक्टर ठेवलं होतं.

रमण्यात गुरांना बंदी होती, म्हणून कळप अजून वाचला होता. पण लगतच्या गावात गुरं मरू लागली, तसा मरीआईचा गाडा काढायचं ठरलं. लाकडी गाड्यावर देवी बसवायची, मागं तिच्या नावानं सोडलेला रेडा चालवायचा, गाडा न् रेडा शेजारगावच्या शिवेवर सोडून परतायचं. देवी जाते, तिच्यासोबत रोगही जातो. तीन बाजूंची गावं मात्र काठ्या घेऊन आपापल्या शिवेवर उभी होती. चौथ्या बाजूला रमणा. महारुद्र पाटलांनी मलाच समजावलं, की तिथं माणूस राहत नाही, तेव्हा कुणाचा तळतळाट लागायचा नाही. यात त्यांना खरोखर भलेपणाच दिसत होता.

रेडा मी पाहिला. डोळ्यांच्या कडा लाल होत्या, नाक गळत होतं.

गाडा कसा न्यायचा हे सांगायचा मान पुजारीण मथुराबाईंचा. त्यांची स्वतःची बैलजोडी नुकतीच गेली होती. मी त्यांच्या अंगणात बसून सांगितलं, की रेडा तळ्यावर पाणी पिईल, हरणंही तिथंच पितात. ती आजारी पडली की बंदुका येतील. पळालेली हरणं तुमच्या पिकात शिरतील आणि उरल्यासुरल्या गुरांना रोग लावतील.

त्या सुपारी कातरत राहिल्या.

"म्हंजी आईला वाटंला लावायची, आन् तिनं परसदारानं घरात यायचं?"

"तसंच."

"लेंड्यांत दिसलं व्हय हे तुमाला, डाक्टर?"

"अजून नाही दिसलं. दिसू नये म्हणून आलोय."

त्या हसल्या, पण हो म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी हलगीच्या तालावर गाडा रमण्याच्या शिवेवर आला. मथुराबाईंनी देवीची ओटी भरली, गाडा तिथंच ठेवायला सांगितला. रेड्याचा कासरा मात्र त्यांनी स्वतःच्या हातात घेतला आणि गावाकडं वळल्या. पाटील आडवे आले. देवीला दिलेलं जनावर माघारी नेलं तर कोप होईल, आणि ते बांधणार तरी कुणाच्या गोठ्यात, असं त्यांचं म्हणणं.

"माझा गोठा मोकळाच हाय," मथुराबाई म्हणाल्या. "कोप झाला तर माझ्यावर हूं द्या. दुसऱ्याच्या रानात मरण सोडून यायचं, ही आईची सेवा न्हाय."

पाटील बाजूला झाले.

रेडा थोड्याच दिवसांत त्या गोठ्यात मेला. कातडं न काढता, चुना टाकून आम्ही त्याला खोल पुरलं. खड्डा खणायला पाटील स्वतः उतरले. लस हाती आल्यावर मी ती उरलेल्या गुरांना टोचली आणि पुढं कित्येक आठवडे कळप बारकाईनं पाहिला. एकाही काळविटाचा डोळा वाहिला नाही. दारोगांना तसं कळवताना माझा आवाज उगाचच मोठा झाला.

पुढं परंड्याच्या बाजारात शेजारगावची मंडळी सांगत होती, की आम्ही काठ्या घेऊन शिव राखली, रोग आत येऊ दिला नाही. मथुराबाईंनी ते ऐकलं.

"तुमी रोग आत यिऊ दिला न्हाय," त्या म्हणाल्या. "आमी भाईर जाऊ दिला न्हाय."

पाटील शेजारीच उभे होते. त्या दिवशी बाजारात भेटेल त्याला त्यांनी ते वाक्य ऐकवलं, आणि दर वेळी 'आमी'वर जोर देऊन.