हिरवा देव इंदिरानगरात

कुंदन साळवे यांना पेठच्या डोंगरातून कुणी कधी हाकलून दिलं नाही, हेच त्यांचं दुखणं होतं. प्रचारकाला शिव्या मिळाव्यात, एखादा दगड पडावा, म्हणजे समोरच्यानं ऐकलंय एवढं तरी कळतं. इथे दहा-अकरा वर्षं दर गुरुवारी नाशिकहून एस.टी.नं जाऊन त्यांनी वारल्यांच्या पाड्यावर येशूची गोष्ट सांगितली, आणि पाड्यानं दर गुरुवारी ‘होय मास्तर’ म्हणून मान डोलावली. नागलीची भाकर वाढली. गाणी तर मास्तरांच्या वरच्या पट्टीत म्हटली. शुक्रवारी पाडा होता तिथेच.

अशात दोन हजार एक सालच्या दिवाळीनंतर पाड्यावरचा बारकू भाकरीवर चटणी वाढता वाढता म्हणाला, “मंग मास्तर, पाण्यात बुडी कधी मारायची?”

मास्तरांनी हातातली भाकर खाली ठेवली.

“मनापासून म्हणतोस?”

“मंग काय! एक मेंढरू हरवलं तर बाकीची सोडून शोधाया जातो, असा देव लय चांगला. माझी तर शेळीबी कोणी शोधली नाय.”

मास्तर त्या दिवशी परतीच्या एस.टी.त उभ्याने आले आणि त्यांना ते कळलंही नाही. एक माणूस! आयुष्यात एकानं तरी स्वतःहून विचारलं होतं. मिशनच्या नाशिकच्या कचेरीत बातमी सांगितली तेव्हा तिथेही आनंदीआनंद झाला. नाताळाआधी कोरियाहून मिशनचे मोठे पास्टर पाक साहेब येणार होते, बाप्तिस्मा त्या रविवारी त्यांच्याच हातून द्यायचं ठरलं. अट एकच: घरातला जुना देव आधी घराबाहेर गेला पाहिजे.

बारकूच्या घरी हिरवा देव होता. टोपलीत ठेवलेली मोरपिसांची जुडी, आढ्याला टांगलेली, बारकूच्या आज्याच्याही आधीपासूनची. मास्तरांनी अट सांगितली. बारकू म्हणाला, “होय मास्तर.”

आणि पुढच्या सोमवारी तो टोपली डोक्यावर घेऊन नाशिकला इंदिरानगरात मास्तरांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी हजर.

“हे काय?”

“हिरवा. तुमीच बोलले ना, घराबाहेर काढ. काढला.”

“अरे, पण माझ्याकडे कशाला?”

बारकूनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू मास्तरांचं डोकं उन्हानं फिरलंय. “देव घरातून काढला तर त्याला दुसरं घर द्याया लागतं. रस्त्यावर सोडाया तो काय कुत्रं हाय? तुमच्या देवाला मी जागा केली, माझ्याला तुमी करा. नवं भात आणलंय. आधी त्याला दाखवा, मंग तुमी खा.”

मास्तरांकडे अशा प्रसंगासाठी बायबलमधली पुष्कळ वचनं होती. त्यांनी वचनं सोडून हिशेब केला. नाही म्हणावं, तर रविवारचा बाप्तिस्मा जातो. होय म्हणावं, तर… ते ‘होय’ म्हणाले. पाड्याची सवय लागली होती.

“अहो, हे घर आहे की धर्मशाळा?” मास्तरांच्या पत्नी मंजुषाबाई म्हणाल्या. त्यांचे वडील पास्टर होते. “शेजारच्या देशपांडे वहिनींनी पाहिलं तर?”

“त्यांना आनंदच होईल.”

“गप्प बसा.”

जुडी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात घालून माळ्यावर गेली, नाताळच्या चांदणीशेजारी. कचेरीत मास्तर म्हणाले, “काढलाय देव घराबाहेर.” ते खरंच होतं. कुणाच्या घरात गेला, हे कुणी विचारलं नाही.

शनिवारी पाक साहेब जेवायला आले. हसतमुख, ठेंगणे. त्यांना मराठी येत नव्हती, मास्तरांना कोरियन, आणि दोघांचं इंग्रजी ऐकून एकमेकांना दया येई. वरण-भात अर्ध्यावर आला तोच दारात गलका झाला. अख्खा पाडा जिन्यावर! प्रत्येकाच्या डोक्यावर टोपली, आणि सगळ्यांत पुढे बारकूची आई कुसाबाई.

“मास्तर, बारकूनं सांगितलं, तुमी देवाला घरात घेतलं. एवढा भला माणूस! आमीबी सगळे बुडी मारतो. हे आमचे देव.”

पाक साहेबांना वाटलं, भेटी आणल्यात. ते उठून प्रत्येक टोपलीसमोर कमरेत वाकले. पाड्याला ते फार आवडले.

मास्तरांनी टोपल्या मोजल्या. एवढ्या वर्षांत एक मिळत नव्हता, आता पंधरा-वीस घरं दारात. कचेरीला हे कळलं तर छातीवर पदक लावतील. आणि माळ्यावर जागा नाही.

“आधी आमचा कुठं हाय ते बघू,” कुसाबाई म्हणाल्या.

“आत आहे. चांगला आहे.”

“बघू की.”

स्टूल आणलं गेलं. पोतं खाली आलं. कुसाबाईंनी पोत्याचं तोंड सोडलं, आत हात घातला. निम्मी पिसं उंदरांनी कुरतडली होती.

“भात दाखवलं?” कुसाबाईंनी विचारलं.

मास्तर मंजुषाबाईंकडे बघू लागले. मंजुषाबाई भिंतीकडे. ते भात मंगळवारीच शिजून संपलं होतं.

“आजी, माझं ऐका. माझ्या धर्मात त्याला…”

“धर्माचं नाय इचारलं. तुमच्या घरी आला, उपाशी ठेवला आन् उंदरांपुढं टाकला.” म्हातारीचा आवाज चढलासुद्धा नाही. तिनं पिसं पदरात गुंडाळली आणि वळली. तिच्यामागे एकेक टोपली जिना उतरू लागली.

मास्तर अनवाणी खाली धावले. “बारकू! अरे, उद्याचं काय? तू तर मनापासून म्हणाला होतास!”

बारकू थांबला. त्याला वाईट वाटत होतं, तेही मास्तरांसाठी. “मनापासूनच म्हणलो व्हतो. पण मास्तर, देवाला घर बदलून दिलं आन् असं झालं. आता मी आईला काय सांगू?”

“मला शिव्या तरी दे रे!”

“शिव्या कशापायी? तुमी गुरवारी या. गाणी म्हणू.” त्यानं मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजूत घातली, “आन् तुमच्या देवाची काळजी नका करू. तो आमच्याकडं खुशाल हाय. आई त्याला रोज पहिला घास ठेवते.”

वरच्या गॅलरीतून पाक साहेब सगळ्यांना हात हलवत होते.