मोटारीपुरती जागा

चैत्रातल्या दुपारी पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या सळया खाली उतरत आणि त्यांत कडुलिंबाच्या वाळल्या पाल्याची धूळ नाचू लागे. तो कडवट वास पेट्रोलच्या शिळ्या दर्पात मिसळला, की आजही मला गंगव्वाकाकू पाठमोरी दिसते. पदर कमरेला खोचलेला, आणि एखाद्या सेनापतीने तोफा मांडाव्यात तशी पितळी भांडी मांडत असलेली.

तो आप्पाकाकांचा मोटारखाना. सोलापुरातल्या मोटारी बोटांवर मोजता याव्यात अशा दिवसांत कापसाच्या या दलालाने मोटार घेतली आणि बायकोचे कधी केले नाहीत असे तिचे लाड केले. पण मल्लूला, त्यांच्या एकुलत्या लेकाला, त्याच मोटारीतून मंगळवेढ्याला उतारू न्यायचे होते. "आमच्या घरचा पोरगा भाडं मारणार व्हय?" काका गरजले. मल्लूने हँडल फिरवलं, आणि मोटारीसकट वेशीबाहेरच्या धुळीत जो मिसळला तो मिसळलाच.

पुढे घराच्या माळ्याला वाळवी लागली आणि पिढ्यांचं सामान मोटारखान्यात आलं. एका भिंतीशी बंब, घंगाळं आणि मोठ्यावर लहान अशी चढत गेलेली मडक्यांची उतरंड. दुसरीशी उभ्या केलेल्या बाजा आणि कडुलिंबाचा पाला घालून बांधलेली गोधड्यांची गाठोडी. वर आढ्याला टांगलेला मल्लूचा पाळणा. आणि मधोमध काहीच नाही. शहाबादी फरशीवर तेलाचा एक काळा डाग, आणि त्याच्याभोवती अगदी मोटारीच्या मापाचा रितेपणा.

"मोटारखाना हाय का गाभारा?" काका टोमणा मारत. "ठेव की मधी कायतरी."

"मोटार आली तर लावायची कुटं?"

"आली तर!"

"बर्तान," काकू पुटपुटे. हा तिच्या अक्कलकोटच्या माहेरचा शब्द. येईल तो, एवढाच त्याचा अर्थ. मोटार येईल हे ती मराठीत बोले; मुलगा येईल हे मात्र कानडीतच.

खंडेनवमीला अवघं गाव हत्यारं, माग, गाड्या पुजत असे; काकू त्या डागाला हळदकुंकू लावून झेंडूची माळ ठेवी. मी तेव्हा मिसरूड फुटलेला आगाऊ पुतण्या. विचारलं, "काकू, नैवेद्य पेट्रोलचा का?"

"तुजं डोकं आपट तितं," ती म्हणाली, "नारळ तरी वाचंल." आणि हसली. हसताना डोळे मात्र दाराबाहेरच्या रस्त्यावर होते.

पुढच्या भाद्रपदात ती माहेरी गेली असताना काकांनी ज्वारीची पोती आणून त्या मधल्या जागेवर छपरापर्यंत रचली. काकू परतली, दारातून पाहिलं. आदळआपट नाही, डोळ्यांत पाणी नाही. फक्त मोटारखान्याकडे पाठ करून चुलीपुढे बसू लागली. आणि विहिरीतलं पाणी आटावं तसा घरातला आवाज रोज थोडा खाली जात राहिला. काका एकटेच मोठमोठ्याने खोकत.

खंडेनवमी उजाडली. काकांचा तराजू पुजून ती सवयीने ताट घेऊन मोटारखान्याच्या दारात आली आणि थबकली. बोटाला कुंकू लागलेलं, आणि समोर पोत्यांची भिंत. ते बोट तसंच अधांतरी राहिलं.

ओसरीवरून काका उठले. त्यांनी एका पोत्याचा कान धरला आणि ओढलं.

"कंबर जाईल तुमची."

"जाऊ दे की."

मी पुढे झालो तर मला कोपराने ढकललं. पोत्यामागून पोतं ओढत, धापा टाकत, तो गर्विष्ठ माणूस अखेर फरशीपर्यंत पोचला आणि धान्याच्या धुळीने पांढरा पडलेला डाग त्याने आपल्या धोतराच्या सोग्याने पुसला.

"आण हिकडं ती माळ," काका म्हणाले. माळ ठेवली. आणि बायकोच्या कानडीची जन्मभर टिंगल केलेल्या त्या तोंडातून, खालच्या आवाजात, उच्चार चुकवत शब्द आला, "बर्तान."

मल्लू आला नाही. काका गेले, काकू गेली, उतरंडीतली मडकी कुठे कुठे फुटली. पण घरात सामान लावताना माझा हात अजूनही मधेच थांबतो. काळ सगळ्या पोकळ्या भरून काढतो म्हणतात. त्या फरशीपाशी मात्र तोही वहाणा काढून दाराबाहेरच उभा राहिला असावा.