चांदीचे चमचे वाहिलेली होडी

मी होडी बोलतेय. जन्म उरणच्या मोरा जेट्टीजवळचा, पडद्यावरचं मरण उत्तर ध्रुवावरचं. उत्तर ध्रुव म्हणजे उरणच्याच द्रोणागिरीतलं एक शीतगृह. तिथे एरवी कोळंबी ठेवतात.

समुद्रात मी फार टिकले नाही. कितीही सरळ वल्हवलं तरी मी डावीकडे वळायचे. माझ्या मालकाने, जगनने, दोन मोसम मला शिव्या घातल्या, मग फायबरची होडी घेतली आणि मला किनाऱ्यावर उलटं पाडलं. गावातले म्हातारे माझ्या पाठीवर बसून हल्लीची पोरं कशी वाया गेली यावर बोलायचे. दिवसभर दुसऱ्याच्या पाठीवर बसून तिसऱ्याला आळशी म्हणायला किती लाज सोडावी लागते, ते मला विचारा.

मग एक दिवस अयाला आली. पनवेलची अयाला आपटेकर, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू घरातली, इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलेली, एका मालिकेच्या कलाविभागात नुकतीच चिकटलेली.

"घेऊन जा," जगन म्हणाला. "पन सांगून ठेवतो, ही सरल जात नाय."

"पाण्यात घालायचीच नाहीये, काका. बर्फावरून ओढायचीय."

"बरफ? मावऱ्यावर टाकतात त्यो?" जगनने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि पैसे आधी मागितले.

मालिका होती एका फसलेल्या मोहिमेवर. पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांची दोन जहाजं उत्तरेच्या बर्फातून वाट शोधायला निघाली आणि बर्फातच अडकली. सव्वाशेच्या वर माणसं होती, एकही जण घरी परतला नाही. आता इंग्रजांचं मरण द्रोणागिरीत का? तर इथे थंडी भाड्याने मिळते. थंडी खरी, बर्फ मात्र उरणच्या मिठागरातलं मीठ. मला काय, मिठाची सवय होतीच.

पनवेलच्या एका शेडमध्ये अयालाने मला खरवडलं, रंगवलं, खाली लाकडी पट्ट्या ठोकून घसरगाडीवर चढवलं. काम करताना ती माझ्याशी बोलायची. घरात तिचं ऐकणारं कोणी नव्हतं. तिचे पप्पा, आरोन आपटेकर, बँकेतून निवृत्त झालेले. जगातली प्रत्येक गोष्ट मुदत ठेवीत घालावी असं त्यांना वाटतं, पोरीसकट. त्यांनी अट घातली होती: हे काम मालिका संपेपर्यंत टिकलं तर ते कॉलेजचं नाव काढणार नाहीत. मधेच काढून टाकलं, तर जूनमध्ये मुकाट्याने परत वर्गात. त्या वर्गाचं नाव काढलं तरी अयालाचा घासकागद माझ्या अंगावर दुप्पट जोराने फिरायचा.

तिने इतिहास वाचला होता. जहाजं सोडून माणसं पायी निघाली, होड्या ओढत. पुढे कित्येक वर्षांनी त्यातली एक सापडली. आत दोन सांगाडे. आणि सामान काय? चांदीचे चमचे, सुवासिक साबण, सपाता, रेशमी रुमाल, पुस्तकं. खायला चहा आणि चॉकलेट. आणखी एक गंमत म्हणजे होडीचं नाक पुढच्या वाटेकडे नव्हतं. सोडून आलेल्या जहाजांकडे होतं.

अयालाने मला तस्संच भरलं. चमचे, साबण, सगळं. नाक मागे. इतकी नटलेली मी जन्मात नव्हते.

शूटिंगच्या दिवशी दिग्दर्शक आले. सत्यजीत सर. 'मी चाळीस वर्षं या लाइनमध्ये आहे' हे वाक्य ते श्वासासारखं घेतात आणि पन्नाशीच्या खालच्या सगळ्यांना बाळ म्हणतात. त्यांनी माझ्यात डोकावलं आणि एक सपाता दोन बोटांनी उचलली, मेलेल्या उंदरासारखी.

"हे काय आहे, बाळ?"

"सपाता, सर. खऱ्या होडीत होत्या."

"भुकेने मरायला टेकलेला माणूस चमचे ओढत नेईल? प्रेक्षक हसतील. बंदुका भर. दोर भर. आणि हिचं तोंड पुढे कर. हिरो नेहमी पुढे बघतो."

"पण सर, झालंच तसं होतं ना."

"झालं असेल. पटत नाही."

"माझी डेबोराआत्या इस्रायलला गेली तेव्हा स्वेटर इथे ठेवून गेली आणि पाटा-वरवंटा घेऊन गेली. माणसं असंच करतात, सर!"

सगळं युनिट हसलं. सरही हसले, पण ते हसणं वरून खाली येणारं होतं. "तुझी आत्या म्हणजे इतिहास नाही, बाळ. उद्यापासून येऊ नकोस. घरी कोण न्यायला येतं तुला?"

पप्पाच येत. ते आलेच होते, दारापाशी दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन उभे. एक स्वतःचा, एक तिचा. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मला जून महिना स्वच्छ दिसला.

चार जणांनी मला गरागरा फिरवून नाक दाराकडे केलं. डावीकडे अडले, पण त्यांनी लाथ घातली. वादळाचा सीन म्हणून धुराचं यंत्र सुरू झालं आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

शीतगृहात अमोनिया असतो आणि तो गळला तर माणूस जागेवर जातो, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलेलं. "सगला टाका नि भायेर पला!" वॉचमन भगवान ओरडला.

माझं नाक दाराकडे केलं होतं ना, त्यामुळे मला सगळं दिसलं. कॅप्टनचं काम करणारा नट पळाला तो अत्तराची बाटली छातीशी धरून. मेकअपवाली एकच खुर्ची उचलून धावली, तीही मोडकी. प्रॉडक्शन मॅनेजरने पिशवीभर रिकामे डबे नेले. आरोनसाहेब दोन ग्लास सांभाळत पळाले, एक थेंब सांडला नाही. मला कोणी नेलं नाही, हे सांगायला नकोच.

सत्यजीत सर तर सगळ्यांच्या आधी बाहेर पडले होते. सुखरूप. पण अंगणात त्यांनी कपाळावर हात मारला आणि माघारी वळले.

अयालाने बाही धरली. "सर, कुठे? मराल!"

"आलोच, बाळ!" बाही सोडवून ते आत. माझ्या अंगावरून उडी मारून गेले. त्यांचा मोबाईल, दम्याचा पंप, कोट, सगळं खुर्चीवर होतं. त्यातल्या कशालाही त्यांनी हात लावला नाही. मुहूर्ताच्या दिवशी सत्कारात मिळालेली शाल आणि नारळ घेतला आणि खोकत बाहेर आले.

अमोनिया गळलाच नव्हता. आमच्याच वादळाच्या धुराने भोंगा वाजला होता.

सगळे अंगणात. बाटली, खुर्ची, डबे हातात घेऊन एकमेकांकडे बघत उभे. सरांच्या काखेत नारळ. अयाला त्या नारळाकडे बघत राहिली.

बोलले ते आरोन. "पाट्याचं खरं आहे, साहेब. बोटीवर मीच चढवला. कंबर अजून दुखते."

सरांनी नारळ शालीखाली घेतला. तो काही तिथे मावेना.

"होडी फिरवा," ते शेवटी म्हणाले. "चमचे राहू देत. आणि बाळ... अयाला, उद्या नऊला ये."

पप्पांनी तिचा ग्लास पुढे केला. "गार झालाय. पी." जूनबद्दल अवाक्षर नाही.

मालिका आली. शेवटी श्रेयनामावलीत 'ऐतिहासिक तपशील: अयाला आपटेकर' असं आलं. आरोनसाहेबांनी टीव्हीचा फोटो काढून डेबोराआत्याला पाठवला. आत्याने उत्तरात पाट्याचा फोटो पाठवला. त्यावर अजून चटणी वाटतात. हे मला अयालाने सांगितलं, ती अधूनमधून भेटायला येते.

शूटिंग संपल्यावर मला विकलं. आता मी पनवेलजवळ नेऱ्याला आहे, एका फार्महाऊसच्या हिरवळीवर. माझ्यात माती भरून फुलझाडं लावली आहेत. शनिवार-रविवारी मुंबईची काका-काकू मंडळी माझ्यात उभी राहून हात पसरून फोटो काढतात. बोटीचं नाक पुढे असावं, शोभतं, म्हणून मालकाने ते डोंगराकडे ठेवलंय. मोरा, माझं जन्मगाव, माझ्या डाव्या अंगाला पडतं.

मागे बघणाऱ्या माणसांना मी पोटभर हसले. साबण ओढणारे हसण्यासारखेच होते. पण माती भरल्या पोटाने इथे पडल्यावर एवढं कळलं, की त्यांना जहाज नको होतं, आपली माणसं जिथे शेवटची एकत्र होती ती जागा हवी होती.

फुलं राहू द्या. फक्त फोटो काढून झाला की माझ्या कडेला खांदा लावून एक धक्का द्या. डावीकडे कसं वळायचं, ते मला कोणी शिकवायला नको.