एक नंबरची सीट

“आई, किल्ली पुन्हा खुंटीवर टांगलीत?” सूनबाई दारातच थबकली. तिच्या हातात पत्र्याचा बिस्किटांचा डबा. “डब्यात ठेवायचं ठरलंय ना आपलं? हल्ली गाड्या कशा चोरीला जातात, ऐकलंत ना?”

“तुमचं ठरलंय,” मी म्हटलं. “मला कुणी विचारलं नव्हतं.”

तिने किल्ली डब्यात टाकली, झाकण दाबलं आणि कामाला गेली. तिची पाठ वळल्यावर मी ती काढून परत दाराशेजारच्या खुंटीवर अडकवली. किल्ली तरी कसली, काळा गुळगुळीत खडा. तोंडात एक दात नाही. पण तिची जागा तीच. हे घरात शिरले की आधी किल्ली अडकवायचे, मग चपला काढायचे. माणूस गेला म्हणून त्याची खुंटीही रिकामी करायची?

हे ड्रायव्हर. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. पाय लांब. सुट्टीच्या दिवशी मालक स्वतः गाडी काढायचा, सीट पुढे ओढून ठेवायचा, की दुसऱ्या दिवशी ह्यांचे गुडघे स्टीअरिंगला. हे काही न बोलता सीट मागे सरकवायचे आणि संध्याकाळी मला सांगायचे, “आज परत माझी जागा शोधावी लागली.” एवढी एकच तक्रार केली माणसाने आयुष्यात. त्यांच्या वाटच्या बाकीच्या मी केल्या.

मग मुलाने ही गाडी घेतली. ड्रायव्हरच्या दाराला आतून आकड्यांची बटणं. मुलगा म्हणाला, “बाबा, एक नंबर तुमचा. तुमची किल्ली खिशात ठेवून नुसतं जवळ या. आरसे उघडतील, दिवा लागेल, सीट आपोआप तुमच्या मापाला जाईल.”

हे बसले. सीट हळूच गुणगुणत मागे गेली आणि थांबली. कितीतरी वेळ स्टीअरिंगला हातही न लावता हे तसेच बसून राहिले.

“हिला मी कळतोय गं,” म्हणाले.

“मला कळायला अर्धा जन्म गेला, हिला एका दिवसात कळलात. शहाणी आहे बया,” मी म्हटलं.

हे गेल्यावर गाडी आमच्या खिडकीसमोर रस्त्यालगत उभी असायची. दुपारी घर रिकामं झालं की मी किल्ली घेऊन बाहेर जायची. ड्रायव्हरचं दार उघडून परत लावायची आणि वळसा घालून शेजारच्या सीटवर बसायची. तोवर ती सीट मागे गेलेली असायची. तिच्यावर कुणी नसायचं, पण जागा त्यांचीच. काचेतून ऊन मांडीवर यायचं, डोळे जड व्हायचे. आणि गाडी जागची न हलता आम्ही दोघं कुठे कुठे जाऊन यायचो.

त्या दुपारी मात्र पाय ठणकत होते, म्हणून घरातच खिडकीशी खुर्चीत बसले होते. पडदा वाऱ्याने फुगायचा, खाली बसायचा. त्या पडद्यामागून एक माणूस भिंतीला धरून चालत आला. छातीशी चपटी पिशवी. आमच्या दाराशी ती पिशवी लावून उभा राहिला, आत कुणी निजलंय का याची चाहूल घ्यावी तसा. दुसरा कुणी गाडीजवळ होता. आणि गाडीने आरसे उघडले, गाईने कान टवकारावेत तसे. आतला पिवळा दिवा लागला. कुणीतरी दार उघडून आत बसलं. सीट मागे गेली, थांबली, आणि टोपी घातलेलं डोकं बरोबर तिथे आलं जिथे ह्यांचं यायचं.

मी जागी नव्हते आणि झोपेतही नव्हते. पाण्याच्या तळाशी बसून वर पाहावं तसं सगळं दिसत होतं. हे निघालेत, एवढंच मनात आलं. “लवकर या हो,” मी म्हटलं. गाडी आवाज न करता निघाली. त्यानंतर मला जी झोप लागली, तशी हे गेल्यापासून लागली नव्हती.

जाग आली ती मुलाच्या आरड्याओरड्याने.

संध्याकाळी पोलीस आले तेव्हा मुलाने मला समजावलं. किल्ली सारखी गाडीशी हळू आवाजात बोलत असते म्हणे. दारातल्या चोराच्या पिशवीत यंत्र होतं. त्याने तो आवाज उचलला आणि गाडीजवळच्या साथीदाराकडे पोचवला. गाडीला वाटलं, धनीच आला. किल्ली डब्यात असती तर पत्र्याने तो आवाज आतच अडवला असता.

“आजी, खिडकीतच होतात ना?” पोलिसाने विचारलं. “काहीच नाही दिसलं?”

“डोळा लागला होता.”

“चालायचंच. म्हातारं माणूस,” तो मुलाला म्हणाला.

एरवी म्हातारी म्हणणाऱ्याला मी उंबऱ्याबाहेर काढलं असतं. त्या दिवशी गिळलं. गाडीला वाटलं तेच मला वाटलं, हे खाकी कपड्यातल्या पोराला काय सांगायचं?

गाडी सापडली. एका दवाखान्याच्या आवारात उभी केलेली. मागावर कुणी येतंय का ते बघायला चोर असं करतात म्हणे. ओरखडाही नव्हता. सूनबाईने सुटकेचा निःश्वास टाकला. मी गॅरेजमध्ये गेले आणि सरळ मेकॅनिकला म्हटलं, “एक नंबर दाब.”

त्याने दाबलं. सीट हलली नाही.

“चोरांनी आत यंत्र जोडून जुन्या किल्ल्या खोडल्यात, आजी. स्वतःची लावली होती. त्यात एक नंबरही पुसला गेला. आता नवी किल्ली देतो आणि कुणाचंही माप भरून देतो. कुणाचं भरू?”

मुलगा म्हणाला, “राहू दे आई. कोरंच राहू दे.”

“तू गप्प बस.” मी वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले, डोळे मिटले. “हां. ने मागे.”

सीट गुणगुणायला लागली.

“अजून. अजून ने... अरे, थांब! माझा नवरा होता, ताडाचं झाड नव्हे. पुढे घे जरा.”

“एवढी?”

“पाठ कलती कर. थोडी.”

लांबच्या रस्त्यावर झोप आली की माझं डोकं कलायचं, आणि जिथे टेकायचं तिथे ह्यांचा खांदा असायचा. मी डोकं कलतं केलं. नाही. अजून केसभर मागे. पुन्हा कलतं केलं. गॅरेजमधली ठोकाठोक कधी बंद झाली, मला कळलं नाही.

“बस. इथेच.”

मेकॅनिकने बटण दाबून धरलं. गाडीने बारीकसा आवाज केला.

“नक्की ना आई?” मुलाने विचारलं. मला विचारतोय!

घरी आल्यावर नवी किल्ली अडकवायला मुलाने आपणहून खुंटीकडे हात नेला. मी ती त्याच्या हातातून घेतली, डब्यात ठेवली आणि झाकण दाबून बसवलं.

खुंटी तशीच आहे. तिच्यावर दुसरं काही टांगायचं नाही, असं मी घरात बजावून ठेवलंय.