चुकलेला भागाकार

सकाळपासून तिला काहीतरी सलत होतं आणि नेमकं काय ते सापडत नव्हतं. डोळ्यांच्या दवाखान्यात बसल्या बसल्या तिने तीनदा पर्स उघडली, तीनदा बंद केली. शेजारी सासूबाई डोळ्यांत थेंब घालून, मान मागे टेकून बसल्या होत्या.

"अगं, बूड टेकव की जरा! मला दिसत नाही, पण बाक हलतोय ते कळतंय."

ती औषधाच्या कारखान्यात होती. सगळे तिला आकडेबाई म्हणत. तिथे ओली पावडर गरम नायट्रोजन सोडून वाळवायचे. पावडरीतलं ॲसिटोन, म्हणजे नखांचा रंग पुसायला वापरतात तेच, वाफ होऊन नायट्रोजनबरोबर निघायचं. हा वायू थंड केला की बरंचसं ॲसिटोन गळून पडे. उरलेली वाफ कोळशाच्या टाकीत शोषली जाई आणि स्वच्छ वायू छतावरच्या पाइपातून बाहेर पडे. कोळसा भरत आला की दुसरी टाकी जोडायची. टाकी किती तासांत भरेल, हे काढणं तिचं काम.

आज दहाला नवी बॅच सुरू झाली होती. नेमकं आजच छतावर त्या पाइपाशेजारी गंजलेल्या चौकटीचं वेल्डिंग होतं आणि वेल्डर होता तिचा धाकटा दीर. काम तिनेच मिळवून दिलेलं. सुरक्षा अधिकाऱ्याने विचारलं, "पाइपातून ॲसिटोन येणार नाही ना? वेल्डिंगच्या ठिणगीने भडकेल ते." तिने मांडणी करून सांगितलं, "टाकी चार तास पुरेल. दोनपर्यंत काही येणार नाही." त्यावर दीड वाजेपर्यंतचं परमिट निघालं, आणि ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून सासूबाईंना घेऊन आली.

आता तिने दवाखान्याच्या पावतीची कोरी बाजू वर केली आणि सकाळचं गणित पुन्हा मांडलं. एक किलो कोरड्या नायट्रोजनमागे वाफ किती? एकूण दाब एकशे एक किलोपास्कल. त्यातला ॲसिटोनचा साडेचोवीस. साडेचोवीस भागिले...

तिचा हात थांबला.

नव्या माणसांना ती नेहमी सांगायची : पंगतीला शंभर माणसं, त्यांत पंचवीस पाहुणे. घरच्या एका माणसामागे पाहुणे किती, असं विचारलं तर शंभराने भागू नका, घरच्या पंचाहत्तरांनी भागा. आणि आज सकाळी, निघायच्या घाईत, तिने स्वतःच एकशे एकने भागलं होतं. भागायचं होतं एकट्या नायट्रोजनच्या साडेशहात्तरने.

ॲसिटोनचा रेणू नायट्रोजनच्या दुप्पट जड, तेही धरून तिने आकडे पुरे केले. सकाळी उत्तर आलं होतं किलोमागे अर्धा किलो वाफ. खरी होती सहाशे साठ ग्रॅम. म्हणजे टाकी चार तास नाही, तीनच तास पुरणार. एक वाजता भरणार. भिंतीवरच्या घड्याळात बारा वीस झाले होते.

कारखान्यात मोबाइल गेटवर जमा करावे लागत. तिने गेटला फोन लावला. घंटा वाजत राहिली. कंट्रोल रूमचा फोन गुंतलेला. पुन्हा गेट. पुन्हा तेच.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, माझा हिशोब चुकलाय. धाकटे भावजी छतावर आहेत."

सासूबाई पाण्याने भरलेले डोळे किलकिले करून म्हणाल्या, "मग इथे काय करतेस? पळ! मला कोणी चोरून नेत नाही."

टॅक्सीत बसून तिने नवऱ्याला दवाखान्यात जायला सांगितलं आणि उरलेल्या वाटभर गेटचा नंबर फिरवला. प्रत्येक सिग्नल जणू तिच्यावर डूख धरून होता. बारा बावन्नला ती गेटवर उतरली. रखवालदार डबा उघडत होता. "बाई, रजेवर ना तुम्ही?" त्याच्या हातात मोबाइल कोंबून ती आत धावली.

छताकडे पाहून तिने जिवाच्या आकांताने हाक मारली. वर निळा प्रकाश लखलखत होता. मुखवटा आणि पंख्यांचा घरघराट यांतून दिराला काय ऐकू जाणार? शिडी चढायला वेळ नव्हता. वेल्डिंग यंत्राची तार खाली भिंतीवरच्या पेटीतून गेली होती. तिने पेटी उघडून खटका खाली ओढला. प्रकाश गेला.

"कोण आहे रे तो?" वरून आवाज आला. "शेवटचा सांधा राहिला होता!"

"मी आहे! खाली या, आत्ता! काही पेटवू नका!"

"वहिनी?"

तो खाली येईपर्यंत ती कंट्रोल रूममध्ये पोचली होती. तिचं ऐकताच तिथल्या यंत्रचालकाने फोन जागेवर ठेवून दुसऱ्या टाकीची झडप उघडायला घेतली. झडप जड, उघडायला वेळ लागला. तेवढ्यात, एक वाजून तीन मिनिटांनी, छतावरच्या पाइपाचा मापक हलला. शून्यावरून थोडा, मग आणखी. मग नवी टाकी लागली आणि काटा हळूहळू बसला.

तीन वाजता व्यवस्थापकाने बोलावलं. माणूस वाईट नव्हता. "घडलं तर काहीच नाही. कोळसा जुना होता असं लिहा आणि मोकळ्या व्हा. एका भागाकारापायी वीस वर्षांचं नाव कशाला घालवता?"

"कोळसा मागच्या महिन्यात बदललाय, साहेब."

"ते वर कोणाला माहीत आहे?"

"मला आहे," ती म्हणाली आणि अहवालात सगळं लिहिलं : कशाने भागायचं होतं, कशाने भागलं. तिला लेखी समज मिळाली. तिचा प्रत्येक आकडा दुसऱ्याने स्वतंत्रपणे काढून ताडायचा, असा नियम झाला. तो तिनेच मागून घेतला होता.

दीर दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिनेही त्याला छेडलं नाही. सासूबाई दोघांच्या मधे बसून जेवल्या आणि कोणाचीच बाजू घेतली नाही.

आठवड्याने तो राहिलेला सांधा पुरा करायला आला. त्या दिवशी बॅच बंद होती, तरी वर जाण्याआधी तो तिच्या टेबलाशी उभा राहिला.

"वहिनी, त्या दिवशी काय कशाने भागलंत ते दाखवा."

तिने कागद ओढून दाखवलं. त्याला निम्मंअर्धं कळलं असावं. पण त्याने शेवटच्या ओळीपर्यंत ऐकून घेतलं, मान हलवली, हातमोजे उचलले आणि निघाला. त्याचा सांधा पुरा होईपर्यंत ती खिडकीशी उभीच होती. समोरचं काम तसंच पडलं होतं.