वीतभर रेघ

छोटू म्हटल्यावर कुणी पोरसवदा माणूस डोळ्यांसमोर आणू नये. छोटूची पन्नाशी उलटली होती, पोट शर्टाच्या बटणांना जुमानत नव्हतं आणि मिशी पांढरी झाली होती. तीही कधी लाल दिसायची, कधी निळी, त्या दिवशी जो रंग फवारायच्या गनमध्ये असेल तशी. पण थोरल्या बहिणीनं एकदा छोटू म्हटलं की संपलं. गल्ली छोटू म्हणते, गिऱ्हाईक छोटू म्हणतं, आणि दुकानाच्या पाटीवरही तेच लागतं. मोटरसायकली रंगवाव्यात तर त्यानंच. लोक नव्याकोऱ्या गाड्या घेऊन यायचे आणि म्हणायचे, कंपनीचा रंग काढ आणि तुझा दे.

दाजी म्हणजे त्या बहिणीचे यजमान. जन्मभर लोकांच्या दारात वाकून पाण्याचे मीटर वाचले, निवृत्त झाले, आणि आता जरा निवांत बसू म्हणेपर्यंत बायको गेली. दोन महिने ते घरात भिंतीकडे बघत बसले. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी छोटूच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "काहीतरी काम दे बाबा. नाहीतर मला वेड लागेल." छोटूनं पाण्याची बादली पुढे सरकवली आणि हातात पत्रा घासायचा वॉटर पेपर दिला. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

लोकांना वाटतं, रंगकाम म्हणजे गन धरली, फुस्स केलं, झालं. डोंबलाचं झालं! दहातले आठ दिवस नुसतं घासणं असतं. आधी जाड पेपर, मग मध्यम, मग पाण्यात बुडवून बारीक. दाजींच्या बोटांची टोकं पहिल्या महिन्यात सोलवटून निघाली, पण माणूस हटला नाही. तीन वर्षांत त्यांचा हात असा बसला, की त्यांनी घासलेल्या पत्र्यावरून छोटू डोळे मिटून तळवा फिरवायचा आणि नुसतं "हं" म्हणायचा. छोटूचं "हं" म्हणजे दुसऱ्याचं भाषण.

दुकानाचा नियम मात्र एकच होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. खाली जुनं ठेवायचं नाही. पत्रा उघडा पडेपर्यंत घासायचं. कारण जुन्या तेलरंगावर नवा रंग मारला की नव्यातलं थिनर खाली उतरतं, जुना रंग फुगतो आणि वरचं सगळं आकसतं. मग तुम्ही कितीही निगुतीनं काम केलेलं असो, पाण्यात गेलं.

ताई, म्हणजे छोटूची तीच थोरली बहीण, या दुकानात एकच काम करायची. रेघा मारायची. टाकीच्या दोन्ही अंगांनी, मडगार्डवर, चाकाच्या रिमवर. टेप नाही, पट्टी नाही. बोटभर लांब केसांचा एक ब्रश, त्यावर तेलरंग, आणि करंगळी टाकीला टेकवलेली. रेघ ओढताना ती श्वास धरून ठेवायची आणि रेघ संपली की सोडायची. सोडताना ब्रश कणभर वर जायचा. म्हणून तिची प्रत्येक रेघ शेवटाला जिऱ्याएवढी वर उचललेली असायची. ती सही नव्हती, ते आपोआप व्हायचं. पण दाजी ती रेघ शंभरातून ओळखायचे.

ती गेल्यावर छोटूनं रेघांचं काम बंद केलं. कुणी फारच गळ घातली तर "आम्ही रेघा मारत नाही" म्हणून पाठ फिरवायचा. ताईचा ब्रश फळीवर एका चपट्या डब्यात तेलात पडून होता. केस कडक होऊ नयेत म्हणून छोटू दर सोमवारी डबा उघडायचा, तेल बदलायचा आणि झाकण लावायचा. वापरायचा मात्र कधी नाही. दाजींना त्यात वावगं वाटलं नाही. बहिणीच्या वस्तूला हात लावायला धजत नसेल, इतकंच.

दाजी मात्र ताईबद्दल भरभरून बोलायचे. कुणी नवीन माणूस दुकानात बसला की सुरू. "अहो, अंगात बरं नसलं तरी रोज इथं यायची. शेवटच्या महिन्यापर्यंत रेघा मारल्या तिनं. हात म्हणून हलला नाही!" हे वाक्य आलं की छोटूला हटकून मागच्या खोलीत काहीतरी काम आठवायचं.

आणि रस्त्यानं जाताना दाजींची नजर फक्त टाक्यांवर. भाजी घ्यायला गेले तरी उभ्या गाड्यांची रांग बघून यायचे. एखाद्या टाकीवर ती रेघ दिसली की त्यांचा दिवस सोन्याचा व्हायचा. पहिल्या वर्षी आठवड्याला दोन-तीन तरी दिसायच्या. मग कमी होत गेल्या. गाड्या विकल्या गेल्या, भंगारात गेल्या, नाहीतर रंग बदलून आल्या. गेल्या आठ महिन्यांत एकही दिसली नव्हती. दाजींनी हे कुणाला सांगितलं नाही, पण आतून ते धास्तावले होते. तिच्या हातचं जगात काही उरलंच नाही की काय?

अशात एके दिवशी बेकरीवाला आपली जुनी गाडी ढकलत घेऊन आला. लाल टाकी, आणि तिच्यावर सोनेरी रेघ. दाजींच्या हातातला पेपर बादलीत पडला.

"ताईंनीच मारलेली," बेकरीवाला म्हणाला. "चार वर्षं झाली. आता लेक चालवणार आहे ही गाडी. तिला सगळं काळं पाहिजे, चमक नसलेलं. मी म्हटलं, रेघ तरी राहू दे. तर म्हणते, बाबा, तुमच्या काळातलं दिसतं ते." तो ओशाळून हसला. "तिच्यापुढे माझं काही चालत नाही हो."

कुणी म्हणेल, फोटो काढून ठेवायचा. फोटो दाजींकडे ढीगभर होते. फोटोवरून बोट फिरवलं की काच लागते, रेघ लागत नाही. टाकीच मागून घ्यावी तर लेकीच्या गाडीची टाकी कोणत्या तोंडानं मागायची? दाजींनी टाकी सोडवून घासायला घेतली.

दोन दिवस ते रेघेच्या आजूबाजूनं घासत होते. डावी बाजू पूर्ण झाली, तिथली रेघ तर आधीच निम्मी उडालेली होती. उजव्या बाजूला शेवटी वीतभर जागा राहिली. लालावर सोनेरी रेघ, आणि टोकाला ती जिऱ्याएवढी उचल. दाजींनी पेपर टेकवला आणि त्यांचा हात पुढे जाईना. त्यांनी बोटानं ती उचल चाचपली. तिथं ती होती. आजही होती.

छोटू काळा रंग आणायला गेला होता, दुपारपर्यंत येणार नव्हता. प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, मारायचं काम हल्ली दाजीच करायचे. त्यांनी मनाशी ठरवलं: असू दे खाली. कुणाला दिसणार आहे? निदान ती आत आहे, हे मला ठाऊक असेल. वीतभर जागेच्या कडा त्यांनी इतक्या हलक्या हातानं उतरवल्या की बोटाला चढ-उतार लागू नये. मग प्रायमरचे पातळ थर, मध्ये भरपूर वेळ सोडून. संध्याकाळी छोटूनं टाकीवरून तळवा फिरवला आणि "हं" म्हणाला. दाजींचा जीव भांड्यात पडला, पण त्या "हं"ची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोटूनं काळा रंग मारायला घेतला. दाजी प्लास्टिकच्या पडद्याबाहेर उभे होते. पहिला हात गुळगुळीत बसला. दुसरा हात मारून छोटू मागे सरकला, आणि दोघांच्या डोळ्यांदेखत टाकीच्या उजव्या अंगावर, बरोबर वीतभर जागेत, दुधावरची साय गोळा व्हावी तसा रंग गोळा झाला.

छोटूनं कॉम्प्रेसर बंद केला. 

"दाजी, इथं पत्रा काढला होता?"

"काढला होता."

तीन वर्षांत दाजी त्याच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले. छोटूनं चिंधी थिनरमध्ये भिजवली आणि पुसायला लागला. काळा निघाला, करडा प्रायमर निघाला, आणि मग लाल. लालावर चुरगळलेली, पण अजून सोनेरी, ती रेघ.

"हे काय केलंत?" छोटूचा आवाज चढला. "गाडी तशीच गेली असती तर? महिन्याभरात पोरीच्या गुडघ्याखाली टाकीची सालं निघाली असती. तिनं काय म्हणायचं? तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

"शेवटची आहे रे." दाजी उलट्या बादलीवर बसले. "गावभर हिंडतोय मी. कुठं म्हणून एक उरली नाही. तिच्या हातची ही एवढीच आहे. ती मी माझ्या हातानं खरवडू?"

छोटूनं तोंडावरचा मास्क काढला. बराच वेळ तो चिंधीची घडी घालत राहिला, पुन्हा उलगडत राहिला.

"दाजी," तो म्हणाला, "ती रेघ ताईच्या हातची नाही."

"मला शिकवतोस? ती उचल बघ."

"उचल तिची आहे. हात माझा आहे." छोटू खाली बघत बोलत होता. "शेवटचं वर्षभर तिच्या बोटांत जोरच नव्हता. ब्रश गळून पडायचा. मीच नेलं होतं तिला डॉक्टरकडे. ते म्हणाले, हे वाढतच जाणार. ती तिथून सरळ इथं आली आणि म्हणाली, छोटू, ब्रश तू धर. मग ती माझ्या मागं उभी राहायची आणि माझं मनगट धरायची. वर्षभर ज्या रेघा झाल्या त्या अशाच झाल्या. रेघ संपली की ती श्वास सोडायची, तेव्हा माझा हात वर जायचा. मी एकट्यानं नंतर कितीदा ओढून बघितली. नाही जात."

दाजींना एकेक आठवायला लागलं. चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरायची. थंडी वाजते म्हणायची आणि त्यांनी तिला शाल आणून दिली होती. पिशवीची गाठ सोडवायला त्यांच्याकडे द्यायची, तेव्हा ते म्हणायचे, म्हातारी झालीस. आणि ती हसायची. तीन वर्षं ते जगाला सांगत होते की तिचा हात हलला नाही, आणि हा माणूस ते ऐकून मागच्या खोलीत जात होता.

"मला का नाही सांगितलंत?" त्यांचा आवाज फाटला. "दोघांनी मिळून मला येडं बनवलंत? मी नवरा होतो तिचा! मी काय परका होतो?"

"तिनं शपथ घातली होती."

"अरे पण का?"

छोटूनं पहिल्यांदा वर पाहिलं. "तुम्ही तिला घरी बसवलं असतं, दाजी."

 दाजींनी प्रेमानं बसवलं असतं. खिडकीपाशी खुर्ची टाकली असती, औषधाच्या वेळा भिंतीवर लिहिल्या असत्या, आणि ब्रशाचं नावही काढू दिलं नसतं. तिला ते पक्कं ठाऊक होतं. तिनं ते एक वर्ष त्यांच्यापासून वाचवलं होतं.

"बसवलं असतं," ते म्हणाले.

मग ते उठले. बादलीत पाणी भरलं, पेपर भिजवला आणि टाकी मांडीवर घेतली. छोटू म्हणाला, "द्या, मी करतो." दाजींनी मान हलवली. लाल पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळत राहिलं. उचल शेवटी राहिली, तिथं ते जरासे थांबले, आणि मग तीही घासली. पत्रा उघडा पडला, तेव्हा ते रडत होते आणि लपवत नव्हते.

चार दिवसांनी टाकी पुन्हा काळी झाली. बिनचमकीची, एकसारखी, बेकरीवाल्याच्या लेकीला हवी तशी. वरचा शेवटचा थर मारायचा बाकी होता. छोटू गन भरत होता, तेव्हा दाजींनी फळीवरचा चपटा डबा काढून त्याच्यापुढे ठेवला.

"तिला रेघ नकोय," छोटू म्हणाला.

"वर नको. खाली." दाजींनी टाकी उलटी केली. पोटाकडची ही बाजू गाडीच्या सांगाड्यावर बसते, एकदा बसवली की कुणाला दिसत नाही. "तिनं कसं धरलं होतं, ते मला दाखव."

 छोटूनं ब्रश तेलातून काढून पुसला, सोनेरी रंगात बुडवला आणि करंगळी टाकीला टेकवली. दुसऱ्या हातानं त्यानं दाजींची बोटं घेतली आणि आपल्या मनगटावर ठेवली, अंगठा वर, चार बोटं खाली. "असं," तो म्हणाला. "याच्याहून हलकं. नाडी बघतात ना, तसं."

दाजींनी बोटं सैल केली. वर्षभर तिची बोटं होती ती हीच जागा. त्यांनी श्वास धरला. ब्रश निघाला, मध्ये दोनदा थरथरला, आणि दाजींनी श्वास सोडला तेव्हा रेघ वर न जाता बाजूला घसरली. वाकडीतिकडी, कुणालाही दाखवायची लाज वाटेल अशी.

छोटूचा हात सवयीनं चिंधीकडे गेला. वाईट रेघ ताई कधी ठेवू द्यायची नाही.

"पूस," दाजी म्हणाले. त्यांनी त्याच्या मनगटावरची बोटं काढली नाहीत. "परत ओढ."