धम्मदीपदादांचा रविवार

पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकवणाऱ्या आमच्या अंबरनाथच्या ग्रुपचा एकच नियम होता: शिकायला आलेल्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. तो कितीही अडला तरी आपण हात पाठीमागे बांधून उभं राहायचं आणि तोंडाने सांगायचं. नियम धम्मदीपदादांचा. "बोटं त्यांची शिकली पाहिजेत, तुमची शिकलेलीच आहेत," म्हणायचे.

दादांनी हात कधी लावला नाही, हे खरं. पण जीभ? समोरच्याचा प्रश्न अर्धा तोंडात, तोवर दादा उत्तर देऊन मोकळे. मी तोंडावर सांगायचे, "दादा, हात बांधलेत, तोंडाचं काय?" ते हसायचे आणि पुढच्याला उत्तर द्यायला वळायचे.

काय दिवस होते! रविवारी विहारात वंदना आटोपली की सतरंज्या तशाच राहायच्या आणि आम्ही वायरी पसरायचो. उल्हासनगरचा मुकेश जुने लॅपटॉप दुरुस्त करून पिशवीतून आणायचा. मी इंग्रजीतल्या माहितीचं मराठी करायचे. ज्याला यातलं काहीच जमायचं नाही तो चहा आणायचा, आणि तोही ग्रुपचाच. जगभर लोक पायथन फुकट सांभाळतात, मग आपला वाटा नको का, असं दादा विचारायचे आणि आम्हाला ते पटायचं. आता मी बदलापूरच्या सोनिवलीला टॉवरमध्ये राहते. शेजारच्या दारावरची पाटी तेवढी ओळखीची आहे, माणूस नाही. त्या जुन्या रविवारांची फार आठवण येते मला.

गेल्या वर्षी दादांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, पण बोलणं अडकायला लागलं. एकेक शब्द ओढून काढावा लागे. त्यांनी वर्गाला येणंच सोडलं. आम्ही वर्ग चालू ठेवला, पण त्यात जीव नव्हता.

शेवटी एका रविवारी सकाळी मी आणि मुकेश बदलापूर गावात त्यांच्या घरी धडकलो.

"जयभीम दादा. चला, वर्गाला यायचंय," मी म्हटलं.

"येऊन... करू... काय?" दादा म्हणाले.

"अरे दादा, नुसते बसा ना! तुम्ही नाय तर मजा नाय येत," मुकेश म्हणाला.

प्रीतीवहिनींनी मला आत बोलावलं. "शीला, घेऊन जाच त्यांना. दिवसभर घरात एक शब्द बोलत नाहीत गं. असेच गप्प होत जातील." हे ऐकून माझं डोकंच फिरलं. बाहेर येऊन मी त्यांच्या चपला पुढ्यात ठेवल्या. "उठा!"

विहारात दादा कोपऱ्यातली खुर्ची धरून बसले. राजसी नावाची कॉलेजची मुलगी नवीन होती, तिला दादांबद्दल काहीच माहीत नव्हतं. रिकामा दिसला तो माणूस तिने गाठला.

"सर, बघा ना. सगळ्या विषयांच्या मार्कांची बेरीज हवीये, पण शेवटच्या विषयाचेच मार्क येतायत."

दादा उठले. सवयीने हात मागे गेले. स्क्रीनवर नजर टाकताच त्यांना चूक दिसली, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. तोंड उघडलं. "ब..." पुढे काही येईना. कपाळावर घाम. माझ्याने बघवेना, मी पुढे निघाले, तर मुकेशने माझा हात धरून ठेवला.

राजसीला वाटलं, सर आपल्यालाच विचार करायला सांगतायत. ती मोठ्याने वाचायला लागली. "आधी विषय घेतला... मग बेरीज शून्य... मग मार्क मिळवले... मग पुढचा विषय, परत बेरीज शून्य... अय्या! मी दर वेळी पुसून टाकतेय की!" तिने ती शून्याची ओळ सगळ्या विषयांच्या आधी नेली आणि बेरीज बरोबर आली.

"मी... काही... सांगितलं... नाही," दादा म्हणाले.

"म्हणून तर कळलं ना सर! बाकी सगळे पटकन सांगून टाकतात, मग घरी गेल्यावर डोकं ब्लँक होतं." मग तिने विचारलं, "तुम्ही दर रविवारी असता का?"

मी त्यांच्या वतीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. राजसी त्यांच्याकडे बघत उभी होती. मुकेशही थांबला. दादांचे ओठ हलले, अडकले, पुन्हा हलले. कुणीही घाई केली नाही.

"अ... असतो," दादा म्हणाले.

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.